यंदा पूजेला तू बसायचंस

॥ श्री देव कुडाळेश्वर प्रसन्न ॥

कुडाळ, नागपंचमीनंतरचा रविवार

चि. बाबू यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली ते कळलं नाही. मी परत लावला नाही, कारण लावला असता तर पुन्हा तेच बोलले असते. भाईकाकांचा मुलगा परवा डोंबिवलीला परत जातोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते. सोबतच्या पिशवीत आमसुलं आणि सांडगी मिरच्या आहेत. पिशवी आल्याबरोबर सोड, बांधून राहिली तर मिरच्यांना वास धरतो.

आधी बाबांचं सांगते. तब्येत बरी आहे. सकाळी तुळशीपासून मळ्याच्या बांधापर्यंत चालतात, जेवणात मीठ कमी केलंय, कुरकुर नाही. स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, चुकल्या तर स्टेंटच्या आत गुठळी धरू शकते. म्हणून चतुर्थीला उपास असला तरी त्यांनी पेज घेऊन गोळ्या घ्यायच्याच, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तुझ्यासमोर नाही म्हणाले तर तूही सांग, तुझं ऐकतात. त्याच गोळ्यांमुळे कापलं की रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा आदोळीवर नारळ खवणं आणि कोयता हातात घेणं यंदा त्यांना नाही. चुकून कापलंच तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचं, मध्ये उघडून बघायचं नाही. एवढं तुला आणि सूनबाईला दोघांनाही माहीत असू दे.

मूर्ती उचलणं आणि उपाशीपोटी दोन-अडीच तास पाटावर बसणं, या दोन्हीला डॉक्टरांनी यंदा नको म्हटलंय. मला वाटलं होतं हे ऐकून ते गप्प होतील. पण संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "यंदा झिलाक बसव." दुसऱ्या दिवशी कपाटातून सोवळं काढलं, उन्हात घातलं, घडी करून देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवलं. ते तुझ्यासाठी आहे. आप्पांनी बाबांना दिलं तेव्हा बाबा तुझ्याच वयाचे होते.

रात्री गाडी चालवण्याबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. तेव्हा पूजेचं लिहिते.

पाट नागपंचमीला मूर्तिकाराच्या शाळेत देऊन आलो. दरवर्षीचीच मूर्ती, तीच बैठक, तेवढीच उंची. चिरंजीवांना मोबाईलमध्ये बघितलेला धनुष्यबाण घेतलेला गणपती हवाय, तू सांगितलंस ते मी मूर्तिकाराला मुद्दाम सांगितलं नाही. त्याला म्हणावं, देव घरातला जसा आहे तसाच येणार, आरास मात्र तुझ्या मनासारखी कर. त्याला हवी ती कार्टूनची चित्रं पुठ्ठ्यावर काढून मागे लावू दे, रंगीत कागद इथे बाजारात मिळतात. थर्माकोल मात्र आणू नका. २०१८ पासून बंदी आहे, आणि समईशेजारी तो ठेवणं धोक्याचंच. विजेची माळ लावशील ती एकाच बोर्डावरून तीन-तीन जोडून नको. पावसात भिंतीला ओल असते, बोर्ड गरम झालेला कळत नाही. झोपताना माळ बंद, समई चालू. समईच्या आजूबाजूला दोन हात कापड नको, मग ती रात्रभर राहिली तरी काळजी नाही.

मूर्ती शाडूची आहे, हे हात लावताना लक्षात ठेव. उचलायची ती पाटासकट, खालून. हाताला, सोंडेला किंवा मागच्या प्रभावळीला धरून कधीच नाही. शाळेतून आणताना चेहऱ्यावर रुमाल असतो, तो घरात ओवाळल्यावर काढायचा. आणल्यावर पंख्याखाली ठेवायची नाही. शाडू एका बाजूने लवकर सुकला की भेग पडते, आणि ती नेमकी मानेपाशी किंवा हातापाशी पडते. आदल्या दिवशी आणलीस तर खोलीचं दार नुसतं लोटून ठेव, पुरे.

पूजा सांगायला भटजी येतील, पण त्या दिवशी त्यांची धावपळ असते. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं असतं, भराभर सांगतात. तुला क्रम माहीत असला तर गोंधळ होणार नाही. आचमन, प्राणायाम, मग संकल्प. संकल्पात गोत्र विचारतील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, पाठ कर. मग कलश, शंख, घंटा यांची पूजा, मग प्राणप्रतिष्ठा. त्यात दूर्वेच्या टोकाने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावायचं, अगदी टेकवल्यासारखं. पंचामृत आणि स्नानाचं पाणी मूर्तीवर ओतायचं नाही, दूर्वेने शिंपडायचं. शाडूवर पाणी ओतलं तर रंग उतरतो आणि पायाकडची माती सुटते. हात थरथरला तर थांब, श्वास घे, कोणी काही म्हणत नाही. दूर्वा एकवीस, प्रत्येकीला तीन किंवा पाच कोवळी पाती, आदल्या संध्याकाळी निवडून ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. पत्री मी गोळा करून ठेवीन. भटजी एकेक नाव घेतील तशी वाहायची. आणि उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून थोडी हलवायची, ते विसर्जनाच्या दिवशी यजमानानेच करायचं असतं. म्हणजे तूच.

वेळेचं नीट ऐक, कारण सगळी घाई तिथूनच सुरू झालीय. पार्थिव गणपतीच्या पूजेची वेळ मध्यान्हाची. सकाळी सातला बसलंच पाहिजे असं कुठल्याही पंचांगात नाही. आपल्याकडे बाबा लवकर बसायचे ते भटजी मोकळे असायचे म्हणून. अकराला बसलास तरी शास्त्राला धरून आहे. आणि समजा वाटेत अडकलास, नाहीच पोचलास, तर भाईकाका बसतील, पूजा अडणार नाही. देव घरी आलेला असेल आणि तू संध्याकाळी पोचलास तर त्याला काही वाटणार नाही. मला तर त्याहून काही वाटणार नाही. ड्युटी संपवून रात्री दहाला निघून पहाटे पोचायची जी तुझी धडपड चाललीय, ती कोणासाठी, हे मला कळत नाही.

आलंच शेवटी. आता लिहिलंय तर पुरतं लिहिते, मग विषय बंद.

तू म्हणालास, "आई, रात्री रस्ता मोकळा असतो." सणात नसतो. सगळे तोच विचार करून निघतात आणि रात्री दोनला माणगाव-इंदापूरला रांगेत उभे असतात. तासन्‌तास रांगेत बसून पाय आंबलेला, डोळे चुरचुरणारा माणूस पुढे परशुराम घाटात, संगमेश्वरच्या वळणांवर येतो तेव्हा पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात. झोप सगळ्यात जास्त ओढते ती याच वेळेला, दोन ते पाच. चहा प्यायला, खिडकी उघडली, गाणी मोठ्याने लावली, यांनी झोप जात नाही, फक्त गेल्यासारखी वाटते. चहाकॉफीचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. गणित माझा विषय, मांडून दाखवते. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डोळा चार सेकंद लागला तर जवळजवळ नव्वद मीटर गाडी कोणाच्याही हातात नसते. मागच्या सीटवर सूनबाई आणि पोर झोपलेली. चार सेकंद, बाबू.

आणि अंधारात पाणी दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन्ही एसट्या गेल्या. चालवणारे रोजचे, रस्ता पाठ असलेले होते. पुढे पूल नाही हे अंधारात आणि पावसात कळायला मार्गच नव्हता. नवा पूल वर्षाच्या आत झाला, रस्ताही आता चौपदरी होतोय, कशेडीला बोगदा झाला, मला सगळं ठाऊक आहे. पण पाऊस तोच आहे.

रागावू नकोस. वर्गात शिकवल्यासारखं झालं, मलाही वाचताना जाणवलं. तू गाडी घेतलीस याचा आनंद मला नाही असं समजू नकोस. स्वतःच्या कमाईची, कोणाकडे हात न पसरता. बाबांनी तिचा फोटो फोनवर पहिल्या पानावर लावलाय, डेपोसमोरच्या चहावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना दाखवून झालाय. अंगणातला जुना गोठा पाडून तिथे चिरे बसवून घेतले ते कशासाठी, ते सांगत नाहीत, पण माप घेताना मला म्हणाले, "दार उघडाक जागा व्हयी."

तर मधला मार्ग सांगते. हरतालिकेच्या आदल्या रात्री ड्युटी संपली की घरी जा, जेव, झोप. गाडी आदल्या दिवशीच भरून ठेव. पहाटे चारला निघ. गर्दीतही चौदा तास धरले तरी संध्याकाळी सहाला अंगणात. दर दोन तासांनी थांबायचं, झोप वाटली तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं खरोखर डोळे मिटायचे. रात्र पडेपर्यंत कणकवली गाठली नाहीस तर कणकवलीत मावशीकडे राहा, मी तिला सांगून ठेवलंय. सकाळी तिथून आपलं घर तासाच्या आत.

गाडीचं बाबांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलंय, पण त्यांचं अक्षर तुला लागत नाही म्हणून इथे उतरते. गाडी जुनी घेतलीस, तेव्हा टायर आधी बघायचे. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी चांगली दिसली तरी बदल, रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्याला धरत नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेली चालत नाही, पावसाला तर तीन तरी हवी. हवा गाडी थंड असताना, आणि माणसं-सामान भरून जाणार तेव्हा दाराच्या पट्टीवर जो वाढीव आकडा दिलेला असतो तो. स्टेपनीतली हवाही बघ, तीच विसरते. वायपरचं रबर नवीन घाल, शंभर-दोनशे रुपयांसाठी ठेवू नकोस. काच आतून धुरकट झाली तर हाताने पुसायची नाही, एसी लावून वारा काचेवर सोडायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच उतरायचं. सतत ब्रेक दाबून ठेवले की तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर लागत नाहीत. चढणीच्या गाडीला वाट द्यायची. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगल्यासारखी वाटली तर ब्रेक मारायचा नाही, नुसता पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे लोक जाताना दिसले तरी जायचं नाही, फूटभर वाहतं पाणी गाडी उचलतं. पोराला पुढे मांडीवर घ्यायचं नाही. टोलमाफीचा पास आरटीओत किंवा पोलीस चौकीत मिळतो, चार दिवस आधी आण. कोल्हापूरमार्गे यायचं ठरवलंस तर निघायच्या दिवशी घाट चालू आहे का ते विचारून घे. फोंडा, करूळ, आंबोली, पावसाळ्यात कधी कुठला बंद होईल सांगता येत नाही, आणि आंबोलीत धुकं दुपारीही असतं.

नाहीतर गाडी राहू दे आणि रेल्वेने या. साठ दिवस आधीचं आरक्षण गेलं, पण सणाच्या जादा गाड्या असतात, आणि तात्काळ आहे. एक दिवस आधी, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. आधार आधी जोडून ठेव. तुतारीचं काढलंस तर तारीख बघ. ती मध्यरात्र उलटल्यावर दादरहून सुटते, म्हणजे ज्या रात्री निघायचं त्याच्या पुढची तारीख तिकिटावर हवी. दरवर्षी कोणीतरी यात चुकतं आणि ठाण्याच्या फलाटावर भांडत बसतं.

माटवीकडे येते, गणपतीच्या वर टांगायच्या त्या लाकडी चौकटीकडे. बाबा शिडीवर चढणार नाहीत, तेव्हा ती तू बांधशील की माणूस बघू ते सांग. बांधणार असशील तर आधी वरचे चारी हूक ओढून बघ. दोन वर्षांपूर्वी वासा बदलला तेव्हा एक हूक सैल बसलाय असं मला वाटतं. दोरी प्लास्टिकची नको. केवणीचा वाख आणून ठेवते, तो बांधायच्या आधी तासभर पाण्यात टाकायचा म्हणजे गाठ घट्ट बसते. जड वस्तू आधी आणि चौकटीच्या पट्ट्या जिथे एकमेकांवर येतात तिथे. नारळाची पेंड, सुपारीचा शिपटा, तवशी, मग दोडकी, चिबूड. देवाच्या बरोबर डोक्यावर नारळ कधीच बांधायचा नाही, तो कडेला. मधे आंब्याचे टाळ आणि हलकी फुलं, हरण, तिरडा, शेरवडाची पांढरी पानं. कवंडळ दिसायला सुरेख पण कडू जहर, आणि कळलावीचं फूल तर विषारीच. ती वर उंच बांध, आणि खाली पडलेली पाकळी पोराच्या हाताला लागू देऊ नकोस. तू तीन वर्षांचा असताना कवंडळ चावलं होतंस, तोंड असं केलं होतंस की माईने गूळ भरवता भरवता हसून हसून डोळे पुसले. चार दिवस कवंडळाकडे बोट दाखवून "वाईट, वाईट" म्हणत होतास. माईला तू पूजेला बसलेला बघायचा होता.

मोदकाचं सूनबाईला मी फोनवर सांगितलंय, पण लिहूनही ठेवते, म्हणजे तिला आयत्या वेळी विचारायला संकोच नको. तांदूळ आंबेमोहोर, नवा. धुऊन सावलीत फडक्यावर वाळवून दळून ठेवलाय. जुन्या तांदळाला चिकटपणा नसतो, त्याच्या पारीला कडेने भेगा जातात. एक भांडं पिठाला एक भांडं पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी फुटली की आच मंद करून पीठ एकदम घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं. उतरवून उकड गरम असतानाच मळायची, हात भाजला तर वाटीच्या बुडाने. गार झाली की गुठळ्या मोडत नाहीत, मग कितीही मळा. सारणाला दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, वेलची, जायफळ. पाणी आटून गोळा सैलसर धरला की उतरवायचं. त्यापुढे ठेवलं तर गार झाल्यावर खडा होतो आणि सैल राहिलं तर मोदक खालून फुटतो. वाफवायच्या आधी मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवायचा, दहा-बारा मिनिटं. पहिले चार फुटले तरी काही बिघडत नाही, ते आपण खाऊ. नैवेद्याला एकवीस, ते मी आणि ती मिळून करू. तिच्या हाताला कळ्या चांगल्या पडतील, पोळीच्या कडा ती किती नेटक्या करते ते मी बघितलंय. हे तिला सांग, मी समोर सांगायचं राहून जातं.

आता गाऱ्हाणं. हे तुला भटजी शिकवणार नाहीत. आरती झाली, "घालीन लोटांगण" झालं, की घरच्या कर्त्या पुरुषाने उभं राहून गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मोबाईलवर त्याच्या गमती करतात, तुझे मित्रही करतात, मी रागावत नाही. पण घरात ते देवाशी बोलणं आहे. घाई न करता बोलायचं. आधी देवांची नावं, मग सेवा मान्य करून घे म्हणायचं, मग चुकीची माफी, मग मागणं. बाबा घालतात तसं लिहून देते:

"बा देवा गणपती म्हाराजा, कुडाळेश्वरा, रवळनाथा, ह्या थळातल्या देवांनो! आज तुमच्या लेकरान् वर्षाप्रमाणा तुमची सेवा केल्यान् हा, ती मान्य करून घेवा म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "काय चुकला-माकला आसात ता पोटात घाला म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "घरातल्या पोराबाळांक, गुराढोरांक सुखी ठेवा. कोणाच्या पाठीक दुखणा-बाणा आसात ता दूर करा म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "पोटापाण्याक भायर गेलल्यांका राखा. वाटेर आसत त्यांका सुखरूप घराक हाडा म्हाराजा!" व्हय म्हाराजा.

शेवटची ओळ बाबा दरवर्षी घालतात, तू मुंबईला गेल्यापासून आवाज तिथे जरा चढतो. यंदा ती तू म्हणायचीस, म्हणजे तू तोवर घरात असला पाहिजेस.

भजनाचं एकच. मंडळी तिसऱ्या रात्री आपल्याकडे आहेत. पखवाज बाबांनी वाजवू नये, दोन-तीन तास दंड चालवणं आता नको, पण बसायला हरकत नाही. तू वाजवशील का? हात सुटला असेल तर आतापासून टेबलावर तरी ठेका धर. पखवाज खुंटीवरच आहे. पावसाळी हवेत पानं उतरतात, तेव्हा दुपारीच काढून कोरड्या खोलीत ठेव आणि बसायच्या आधी गट्ठे ठोकून सुरात घे. डाव्या पानाला कणीक लावायची ती मऊसर, हाताला न चिकटेल अशी. आणि भजन संपल्याबरोबर काढून ओल्या फडक्याने पुसायची. रात्रभर राहिली की वाळून कातडं ओढते आणि पान फाटतं. बुवा आता गौळणी सिनेमाच्या चालीवर म्हणतात, वाडीतली मुलं त्यासाठीच येतात. चाल कुठलीही असो, शब्द ऐकू आले पाहिजेत आणि रूपाचा अभंग जुन्या चालीत झाला पाहिजे, एवढंच बाबांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. पूर्वी जागरणाला वाडीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, रात्रभर तीन सिनेमे. तू पहिल्याच्या मध्यंतरालाच माझ्या मांडीवर झोपायचास आणि सकाळी सगळी गोष्ट दुसऱ्यांकडून ऐकून मलाच सांगायचास. दहानंतर स्पीकर बंद, नुसती पेटी आणि झांजा. बाबांना झोप लागली पाहिजे. काळ्या वाटाण्याची उसळ चाळीस माणसांची, वाटाणे आदल्या रात्री भिजत घालीन. पाव बाजारातून तू आणायचेस.

विसर्जन झाल्यावर लगेच त्याच रात्री परत निघणार म्हणत होतास. दिवसभर उभं राहून, ओढ्यापर्यंत मूर्ती नेऊन, भिजून, मग रात्री चारशे ऐंशी किलोमीटर. नको. एक रजा जास्त पडते तर पडू दे. पगार कापला तर तो मी देते, माझी पेन्शन कशाला आहे? हे ऐकून चिडशील, तरी लिहिते. हवं तर साहेबांना वडिलांच्या तब्येतीचं सांग, ते खोटं नाही.

आणखी कितीतरी लिहायचं होतं, पोराच्या शाळेचं, तुझ्या पित्ताचं, पण भाईकाकांचा मुलगा दारात येऊन उभा राहिलाय. पहाटे चारला निघतोस की तात्काळ काढतोस, की आदल्या दिवशीच येतोस, यातलं काय ते येत्या रविवारपर्यंत कळव. भटजींना अकराची वेळ सांगते. माटवीला माणूस बघायचा की तू बांधणार तेही सांग, बाजारातला तो पोरगा आठवडाभर आधी सांगितलं तरच येतो.

सूनबाईस व चिरंजीवास आशीर्वाद.

तुझी आई

ता. क. बाबा म्हणतात, स्टेपनी बदलायचा जॅक गाडीत आहे का ते उघडून बघ, आणि एकदा घराखालीच चाक काढून परत बसवून बघ.